तोफ आणि तिचा गाडा

वसई स्टेशनच्या पूर्वेस वालीव, गोखिवरें, सातिवली या बाजूंस आज लहान लहान कारखान्यांच्या ओळीच ओळी उभ्या आहेत. त्यांतील एकेका गाळ्याची जागा ती केवढी! भोंकें पाडण्याचें एक यंत्र, एक यांत्रिक करवत, एक सहाणेचें चाक आणि चार माणसें एवढीं त्यांत सामावलीं, म्हणजे वळावयासहि जागा उरत नाहीं. अशा ठिकाणीं प्रत्येक यंत्र कायमचें एका जागीं रोवून चालत नाहीं. काम असेल तेव्हां तें मधोमध यावें आणि काम सरलें कीं भिंतीशीं जावें, अशी सोय करावी लागते. म्हणून कारागीर जाड लांकडाची किंवा लोखंडी पट्ट्यांची एक ठेंगणी बैठक बांधतो, तिला चाकें बसवितो आणि यंत्र तिच्यावर चढवितो. येथपर्यंत सर्व सोपें दिसतें. खरी अडचण पुढेंच आहे. हलवितांना जें यंत्र एका माणसाच्या रेट्यानें सरकलें पाहिजे, तेंच यंत्र चालूं लागल्यावर तसूभरहि हलतां कामा नये. चालणें आणि स्थिर राहणें हे परस्परविरुद्ध दोन धर्म एकाच बैठकीच्या अंगीं असावे लागतात.

हा प्रश्न आजच्या कारखानदाराचा म्हणून नवा वाटतो. पण तो नवा नाहीं. याच वसईच्या परिसरांत, पश्चिमेस खाडीच्या मुखाशीं जो पडका किल्ला उभा आहे, त्याच्या तटाखालीं अडीचशें वर्षांपूर्वींच या प्रश्नाची परीक्षा दोनदां झाली. त्या वेळचें जड यंत्र म्हणजे तोफ आणि तिची फिरती बैठक म्हणजे तोफेचा गाडा. तोफांचीं नांवें इतिहासांत राहिलीं, त्यांचे गोलंदाजहि कधीं कधीं राहिले. परंतु ज्या गाड्यांवांचून त्या तोफा म्हणजे नुसत्या धातूच्या लाटा, त्या गाड्यांकडे लक्ष क्वचितच गेलें आहे.

वेढ्याच्या कामीं येणारी चोवीस पौंडी तोफ घेतली, तर तिच्या नुसत्या नळीचेंच वजन सुमारें ५० हंड्रेडवेट, म्हणजे अडीच टन भरत असे. गाड्याचें वजन त्याहून निराळें. एवढी वस्तु वाटेनें ओढून न्यावयाची, मोर्च्यांत उभी करावयाची, तिचें तोंड हवें तेवढें वर-खालीं करावयाचें आणि बार होतांच ती जो प्रचंड धक्का मागें देते तो सोसावयाचा, हीं चारहि कामें गाड्याची. पंधराव्या शतकाच्या मध्यापर्यंत यांपैकीं पहिलें काम देखील नीट साधलेलें नव्हतें. १४५३ सालीं कॉन्स्टँटिनोपल घेण्यासाठीं सुलतान महंमदानें ओतविलेली थोरली तोफ एदिर्नेहून त्या नगरापर्यंत न्यावयास साठ बैल जुंपावे लागले. दोहों बाजूंस शेंकडों माणसें ती कलंडूं नये म्हणून चाललीं होतीं, आणि पुढें वाट सपाट करणारे व पूल बांधणारे कामकरी होते. तेवढी मजल मारण्यास दोन महिन्यांच्या आसपास काळ लागला. पुढें चाळीसच वर्षांनीं, १४९४ मध्यें, फ्रान्सचा राजा आठवा चार्लस् इटलीवर उतरला, तेव्हां त्याच्या कांशाच्या तोफा दोन चाकांच्या गाड्यांवर चढवून घोड्यांनीं ओढलेल्या होत्या आणि सैन्याच्या बरोबरीनें चालत होत्या. ज्या गढ्यांपुढें पूर्वीं महिनेच्या महिने बसावें लागे, त्या दिवसांच्या हिशेबानें पडूं लागल्या.

हा फरक घडविणारी युक्ति दिसावयास अगदीं साधी होती. नळी ओततांनाच तिच्या दोन्ही अंगांस दोन आडवे खुंटे ओतावयाचे आणि ते गाड्याच्या दोन जाड फळ्यांवर टेकवावयाचे. मग तोफ त्या खुंट्यांवर तराजूच्या दांडीसारखी तोलली जाते आणि बुंध्याखालीं एक पाचर सरकवितांच तोंड वर किंवा खालीं होतें. गाड्याचा मागचा भाग लांब ठेवून जमिनीवर टेकविला, म्हणजे दोन चाकें आणि ती शेपटी मिळून तीन टेकू होतात, आणि तीन पायांची बैठक उंचसखल जमिनीवरहि डगमगत नाहीं. कूच करावयाचें झालें कीं तीच शेपटी उचलून पुढच्या लहान दुचाकीवर अडकवावयाची आणि बैल किंवा घोडे जुंपावयाचे. उभी राहिली तर भक्कम, निघाली तर सुटसुटीत, हे दोन्ही धर्म या रचनेनें प्रथमच एकत्र आणले.

आपल्याकडे तोफ पंधराव्या-सोळाव्या शतकांत रूढ झाली. पण ती दोन टोकांना वाढली. एका टोकाला अचल अशा अवाढव्य तोफा. विजापूरची मुलूख मैदान १५४९ मध्यें अहमदनगरास ओतली गेली. ५५ टन वजनाची ही तोफ परांड्यास होती, तेथून १६३२ मध्यें ती विजापुरास नेली आणि बुरुजावर बसविली. त्यानंतर ती तेथून हलली नाहीं. दुसऱ्या टोकाला उंटाच्या पाठीवरच्या सुतरनाळा व जंबुरके आणि हत्तीवरच्या गजनाळा. यांना गाड्याची गरजच नव्हती; जनावर हीच त्यांची फिरती बैठक. घोडदळाच्या वेगवान लढाईस ही दुसरी जात सोईची पडे, पण तिच्या गोळ्यानें चिरेबंदी तट पडत नसे. मुलूख मैदानासारखी तोफ तट पाडील, पण ती तटापर्यंत न्यावयाची कोणी? या दोहोंच्या मधली जागा, म्हणजे तट पाडण्याइतकी जड आणि तरीहि सैन्याबरोबर चालणारी तोफ, हीच अवघड होती. वसईस गांठ पडली ती याच अवघड जागेशीं.

वसई १५३४ च्या अखेरीस गुजरातच्या बहादूरशहानें पोर्तुगीजांस दिली, आणि पुढें दोनशें वर्षांहून अधिक काळ ती त्यांच्या उत्तरेकडील मुलखाची राजधानी राहिली. किल्ल्याची जागा मोठी मोक्याची. दक्षिणेस खाडी, पश्चिमेस समुद्र, पूर्वेस खाजण व चिखल. पायदळानें जाऊन भिडावयाचें तर उत्तरेचीच बाजू मोकळी, आणि तीहि रेताड. तटाची उंची तीस फुटांच्या वर. तटावर व बुरुजांवर मिळून सुमारें ९० तोफा होत्या, असें अठराव्या शतकाच्या पूर्वार्धांतील वर्णन आहे. किल्ल्यांतील तोफेचा गाडा निराळा असतो: ठेंगणा, चार लहान चाकांचा, जहाजावरच्या गाड्यासारखा. त्याला कोसच्या कोस चालावयाचें नसतें; बार झाल्यावर दगडी फरसबंदीवरून चार हात मागें यावयाचें आणि तोफ भरली कीं पुन्हा भोंकाशीं जावयाचें, एवढाच त्याचा प्रवास. खालची जमीन टणक असल्यामुळें लहान चाक त्याला पुरतें. कारखान्याच्या गुळगुळीत फरशीवर लहान चाकांची बैठक चालते, पण तीच अंगणांतल्या मातींत रुतून बसते, त्यांतलें मर्म हेंच.

१७३७ सालीं मराठ्यांनीं ठाणें व साष्टी घेतली आणि शंकराजी केशव यांनीं वसईस मोर्चे लावले. दोन वर्षें हें काम नेटानें पण यशावांचून चाललें. १७३९ च्या फेब्रुवारींत चिमाजी आप्पा स्वतः वसईसमोर येऊन दाखल झाले. मानाजी आंग्र्यांच्या आरमारानें समुद्राची वाट अडविली आणि किल्ल्याचा कोंडमारा पुरा झाला. मराठ्यांपाशीं तोफा नव्हत्या असें नव्हे. मोर्च्यांतून तोफांचा आणि उखळी तोफांचा मारा सुरूच होता. परंतु तट पाडावयाचा तर जड तोफ जवळ आणली पाहिजे, जड तोफ जवळ आणावयाची तर ती उत्तरेच्या रेतींतून ओढली पाहिजे, आणि ओढली तरी तिच्या चाकांखालीं लांकडी तक्तपोशी घातल्यावांचून एका जागीं उभी राहिली नाहीं पाहिजे. कारण रेतींत उभ्या केलेल्या तोफेचा प्रत्येक बार चाकांना थोडें थोडें खालीं गाडीत जातो आणि नेम दर वेळीं चुकत जातो. हें सर्व तटावरच्या माऱ्यांत करावयाचें. त्या जमिनीचा विचार केला, म्हणजे मराठ्यांनीं अखेरचा भरंवसा तोफांवर न ठेवतां सुरुंगांवर कां ठेवला, हें ध्यानांत येतें.

किल्ल्याच्या आंतहि तोफांचें नशीब फिरत चाललें होतें. पैसा संपला, दारू संपत आली. पोर्तुगीजांनीं मुंबईकर इंग्रजांकडे हात पसरला. इंग्रजांनीं कांहीं दारूगोळा दिला आणि १५,००० रुपये कर्जाऊ दिले. पण तारण मागितलें. तेव्हां देवळांतील चांदीच्या जिनसांबरोबर कांहीं कांशाच्या तोफाहि तारणांत गेल्या. या एका गोष्टींत तोफेचा सारा स्वभाव उघडा पडतो. गाड्यावर असेपर्यंत ती किल्ल्याची रक्षक. गाड्यावरून उतरवितांच तिची किंमत वजनावर ठरते, जुन्या भांड्यासारखी.

मे महिन्याच्या पूर्वार्धांत मराठ्यांनीं निकराचे हल्ले केले. सुरुंग उडाले, सेंट सेबॅस्टियनचा बुरूज ढांसळला, खिंडार पडलें. कांहीं सुरुंग वेळेवर उडाले नाहींत, आणि खिंडारावर चढलेल्या आपल्याच माणसांखालीं ते मागाहून उडाले. तरीहि मागचे लोक पुढें येतच राहिले. अखेर १६ मे १७३९ रोजीं, इंग्रजांच्या त्या वेळच्या जुन्या गणनेनें ५ मे रोजीं, पोर्तुगीजांनीं तह मान्य केला. या वेढ्यांत पोर्तुगीजांचीं सुमारें ८०० माणसें ठार व जखमी झालीं, आणि मराठ्यांची हानि ५,००० हून अधिक झाली, असा ग्रँट डफचा हिशेब आहे. वसईचा विजय हा मराठ्यांच्या पराक्रमाचा कळस होय. पण त्या कळसाची किंमत अशी होती. जें काम लोखंडी गोळ्यांनीं व्हावयाचें, तें येथें माणसांनीं आपल्या अंगावर घेतलें.

वसईच्या विजयांत जी लूट मिळाली, तींत देवळांतल्या थोरल्या घंटाहि होत्या. त्यांतल्या कांहीं घांट चढून दूरदूरच्या देवालयांत गेल्या. भीमाशंकर, नाशिकचें नारोशंकराचें देऊळ आणि वाईजवळचें मेणवली येथील घंटा याच परंपरेंतल्या म्हणून ओळखल्या जातात. मेणवलीची घंटा साडेसहाशें किलोच्या घरांत भरते. तोफ आणि घंटा यांचा धातु जवळ जवळ एकच. परंतु घंटा एकदां पोंचली आणि टांगली कीं तिचा प्रवास संपतो. तोफेचा प्रवास प्रत्येक मोहिमेबरोबर नव्यानें सुरू होतो. म्हणून घंटेला वाहून नेणारे हात पुरतात. तोफेला गाडा लागतो.

चाळीस वर्षें उलटलीं. १७८० च्या नोव्हेंबरांत जनरल गॉडर्डच्या इंग्रजी फौजेनें त्याच किल्ल्याला वेढा घातला. या वेळीं आंत मराठे होते. १३ नोव्हेंबरला गॉडर्ड वसईसमोर आला. महिनाअखेर त्यानें तटापासून ९०० यार्डांवर सहा तोफा आणि सहा उखळी तोफा लावल्या. त्यांच्या माऱ्याच्या आडोशानें पुढचे मोर्चे खणीत खणीत तो ५०० यार्डांपर्यंत आला, आणि ९ डिसेंबरला तेथून नऊ चोवीस पौंडी तोफांचा मारा सुरू झाला. जोडीला वीस उखळी तोफा होत्या. ११ डिसेंबरला किल्ला शरण गेला. तोच तट, तीच रेती. १७३९ मध्यें आप्पांना तीन महिने लागले, १७८० मध्यें महिनाहि लागला नाहीं. शेवटच्या टप्प्याला तर दोन-तीनच दिवस. हल्ला चढविण्याची पाळीच आली नाहीं, आणि इंग्रजांचीं माणसेंहि अगदीं थोडीं पडलीं.

या तुलनेंत न्याय सांभाळला पाहिजे. १७३९ मधील पोर्तुगीज शिबंदी ज्या हट्टानें लढली, तसा प्रसंग १७८० मध्यें आला नाहीं. कुमकेस निघालेल्या मराठी फौजेला कर्नल हार्टलेनें वाटेंतच थोपवून धरलें, आणि १२ डिसेंबरला दुगाडच्या लढाईंत रामचंद्र गणेश धारातीर्थीं पडले. तेव्हां सारें श्रेय गाड्यांना देणें चुकीचें होईल. परंतु नऊ चोवीस पौंडी तोफा, म्हणजे नळ्यांचेंच बावीस टनांहून अधिक वजन, रेताड जमिनीवरून पांचशें यार्डांपर्यंत आणून तेथें स्थिर उभें करणें, ही गोष्ट नुसत्या शौर्यानें होत नाहीं. तिच्यामागें सुतार, लोहार आणि चाकें घडविणारे कारागीर असावे लागतात.

त्या काळच्या मराठी तोफगाड्यांचें वर्णन डिरोम नांवाच्या इंग्रज अधिकाऱ्यानें टिपून ठेवलें आहे; टिपूवरील १७९०–९२ च्या मोहिमेंत मराठे व इंग्रज एकाच बाजूस होते, तेव्हांचें तें आहे. त्याचा आशय असा कीं, गाडे विलक्षण अवजड, त्यांत लोखंड फार थोडें आणि भिस्त सारी लांकडाच्या जाडीवर. चाकें ठेंगणीं आणि लांकडाच्या भरीव तुकड्यांचीं जोडलेलीं. तोफांना देवतांचीं नांवें दिलेलीं असत आणि त्या रंगवून सजविलेल्या असत. एकेका मोठ्या तोफेला शंभर-दीडशें बैल जुंपावे लागत. याच मोहिमेंत परशुरामभाऊ पटवर्धनांचा धारवाडचा वेढा सप्टेंबर १७९० पासून एप्रिल १७९१ पर्यंत लांबला.

या वर्णनाला हंसून चालणार नाहीं. त्यामागें कारण आहे. भरीव चाक कोणत्याहि गांवच्या सुताराला दुरुस्त करतां येतें. आरे, पाटे, तुंबा आणि वर तापवून चढविलेली लोखंडी धांव अशा चाकाला कसबी कारागीर आणि भट्टी लागते. मैदानांत जें मोडेल तें मैदानांतच नीट करतां यावें, हा विचार खोटा नव्हता. पण त्याची किंमत बैलांनीं आणि वेळानें भरावी लागली. चाक जितकें लहान, तितका वाटेंतला प्रत्येक खड्डा त्याला मोठा. आणि चाक जितकें जड, तितकें त्याला ओढणारें बळ स्वतःच्याच ओझ्यांत खर्च होतें. उलट युरोपांत याच सुमारास गाड्याचा विचार शास्त्रासारखा होत होता. फ्रान्समध्यें १७६५ पासून ग्रिबोव्हालनें तोफांचे ठराविक आकार बांधून दिले, गाडे हलके केले, लोखंडी आंस घातले, पुढचीं चाकें मोठीं केलीं आणि सर्व भाग एकाच मापाचे ठरविले. एका गाड्याचें चाक मोडलें तर दुसऱ्याचें बसूं लागलें.

मराठ्यांना हें कळत नव्हतें, असा निष्कर्ष मात्र कोणीं काढूं नये. पेशव्यांचा तोफखाना पुढें पानशांच्या घराण्याकडे आला आणि त्यांनीं तो पिढ्यान् पिढ्या सांभाळला. महादजी शिंद्यांनीं तर डी बॉइनला पदरीं ठेवून आणि आग्र्याला सँग्स्टर या स्कॉच कारागिराकडून तोफा ओतवून कारखानाच उभा केला. १८०३ मध्यें असईच्या रणांगणावर इंग्रजांच्या हातीं शिंद्यांच्या जवळ जवळ शंभर तोफा पडल्या, आणि त्यांच्या घडणीबद्दल स्वतः विजेत्यांनींच चांगलें मत दिलें. कारागिरी कमी नव्हती. ती उशिरां आली आणि एकाच सरदाराच्या छावणीपुरती राहिली. वसईच्या रेतींत ज्या गरजेनें पहिली हांक मारली होती, तिला सबंध राज्यानें उत्तर दिलें नाहीं, ही खरी हानि.

इंग्रजांनीं हा धडा गिरविला. तोफ ओतणें एक काम आणि गाडा बांधणें दुसरें, हें मानून त्यांनीं गाड्यांचे स्वतंत्र कारखाने काढले. त्यांपैकीं जबलपूरचा कारखाना १९०४ सालचा. त्याच्या नांवांतच तोफेआधीं गाड्याचें काम सांगितलेलें आहे. सैन्याच्या हिशेबांत गाड्याला एवढा मान मिळावयास मधल्या काळांत पुष्कळ रक्त सांडावें लागलें.

आज वसईच्या तटाखालीं रेती शांत पडून आहे; पालघर जिल्ह्यांतल्या त्याच वसईच्या पूर्वेस यंत्रांचा आवाज दिवसभर चालतो. गाळ्यांतला कारागीर जेव्हां आपल्या जड यंत्राखालीं बैठक बांधावयास बसतो, तेव्हां त्याच्यापुढें जुन्या गाडेकऱ्याचेच प्रश्न असतात. वजन कोठें तोललें जातें? पायथा किती रुंद ठेवावा, म्हणजे ढकलतांना यंत्र कलंडणार नाहीं? खालच्या जमिनीला कोणतें चाक मानवेल? आणि काम सुरू होतांच चाकांवरचा भार काढून तो भक्कम पायांवर कसा टाकावा? या चार प्रश्नांचीं उत्तरें ज्यानें आधीं शोधलीं, त्याचें यंत्र त्याच्या आज्ञेंत राहतें. ज्यानें तीं शोधलीं नाहींत, त्याचें यंत्र नेमकें अडचणीच्या वेळीं अडून बसतें, किंवा नको त्या वेळीं सुटून अंगावर येतें. बळ यंत्रांत असतें हें खरें. पण तें बळ हव्या त्या जागीं नेऊन तेथें खंबीरपणें उभें करण्याचें काम त्याच्याखालची साधी, अनाम बैठकच करीत असते.